घेणाऱ्याचं ‘बॉरो’, देणाऱ्याचं ‘लेंड’

या महिन्यात आलेल्या प्रश्नांपैकी बरेच ‘बॉरो’ आणि ‘लेंड’ या जोडीभोवती फिरणारे आहेत. म्हणून ते एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : मी आठवीला इंग्रजी शिकवते. ‘बॉरो’ म्हणजे उसनं घेणे आणि ‘लेंड’ म्हणजे उसनं देणे, हे मुलांना तोंडपाठ आहे. रिकाम्या जागा बरोबर भरतात. पण एकमेकांकडे पेन मागताना ‘प्लीज बॉरो मी युअर पेन’ हेच निघतं. असं का होतं? (शिक्षिका, सातारा जिल्हा)

उत्तर : मुलांना अर्थ कळलेला आहे. अडतं ते क्रियापदाच्या घडणीपाशी. मराठीत या व्यवहाराला शब्द एकच, उसनं. वस्तू कुणाकडून कुणाकडे गेली हे पुढचं ‘घेणे’ किंवा ‘देणे’ सांगतं. इंग्रजीत मात्र दिशा क्रियापदाच्या पोटातच असते. बाहेरचं क्रियापद मराठी बोलण्यात आणताना आपण त्याला ‘करणे’ जोडतो : चेक करणे, बुक करणे, बॉरो करणे. या ‘करणे’ला दिशाच नाही. ‘पेन बॉरो कर’ या वाक्यात पेन कुणाच्या हातात येणार हे मराठी कानाला कळत नाही, आणि मूल ‘बॉरो’चा अर्थ नुसता ‘उसनवारी’ असा धरून बसतं.

त्यात दुसरी एक गोष्ट मिसळते. मागताना आपण ‘दे’ म्हणतो : ‘जरा पेन दे ना.’ कर्ता तू, क्रिया देण्याची. इंग्रजीत मागण्याची सर्वांत रुळलेली पद्धत मात्र कर्ता ‘मी’ धरते : ‘कॅन आय बॉरो युअर पेन?’ म्हणजे ‘मी तुझं पेन घेऊ का?’ मुलाच्या मनात वाक्य ‘दे’चं आणि कानावर शब्द ‘बॉरो’चा. दोन्ही साचे एकमेकांत घुसले की ‘बॉरो मी’ तयार होतं. ‘कॅन यू लेंड मी युअर पेन?’ हे ‘दे’ला जुळणारं वाक्य मुलांनी फारसं ऐकलेलंच नसतं.

उपाय म्हणून वर्गात आधी ‘बॉरो करणे’ आणि ‘लेंड करणे’ ही बोली रूपं बंद करा. अर्थ सांगतानाही ‘उसनं’ हा शब्द काही दिवस बाजूला ठेवा. बॉरो म्हणजे घेणे, लेंड म्हणजे देणे, एवढंच. परत करण्याची अट नंतर जोडता येते, दिशा मात्र पहिल्या दिवशी पक्की व्हायला हवी.

मग एक पेन आणि तीन मुलं घ्या. सीमानं रवीला पेन प्रत्यक्ष द्यायचं. रवी म्हणेल, ‘आय बॉरोड अ पेन फ्रॉम सीमा.’ सीमा म्हणेल, ‘आय लेंट अ पेन टु रवी.’ तिसरं मूल दोघांबद्दल दोन वाक्यं सांगेल : ‘रवी बॉरोड अ पेन फ्रॉम सीमा’ आणि ‘सीमा लेंट रवी अ पेन.’ या तिसऱ्या मुलाचं काम सर्वांत अवघड असतं आणि खरं शिकणं तिथेच होतं, कारण घटना एकच असताना कर्ता बदलला की क्रियापद बदलतं हे त्याला दोनदा बोलून दाखवावं लागतं. प्रत्येक मुलाला ती जागा मिळेल असं पाहा. कागदावरच्या रिकाम्या जागांत कर्ता आयता दिलेला असतो. म्हणून तिथे पैकीच्या पैकी गुण मिळतात आणि बोलताना गाडी घसरते.

वाक्यरचनेचा एक फरक फळ्यावर लिहून ठेवण्यासारखा आहे. ‘लेंड’च्या लगेच पुढे माणूस येऊ शकतो : लेंड मी, लेंड हिम, लेंड अस. ‘बॉरो’च्या लगेच पुढे वस्तूच यावी लागते आणि माणूस ‘फ्रॉम’च्या मागून येतो. हे ‘फ्रॉम’ म्हणजे आपलं ‘कडून’, आणि ‘लेंड’बरोबर येणारं ‘टु’ म्हणजे ‘ला’. ‘बॉरो’नंतर ‘मी’ किंवा ‘अस’ ऐकू आलं की मुलांनी स्वतःच थांबायचं, एवढी सवय लागली तरी बहुतेक चुका जातात.

भूतकाळात ‘लेंडेड’ लिहिणारी मुलंही बरीच असतात. सेंड-सेंट, स्पेंड-स्पेंट यांच्या रांगेत लेंड-लेंट बसवा. यामागे इतिहासही आहे : जुन्या इंग्रजीत या क्रियापदाच्या शेवटी ‘ड’ नव्हता. मध्ययुगात सेंड, बेंड यांच्या वळणावर जाऊन तो चिकटला.

आणि हा गोंधळ फक्त मराठी मुलांचा नाही, हे त्यांना जरूर सांगा. जर्मन भाषेत ‘लाइएन’ हे एकच क्रियापद दोन्ही दिशांना चालतं, डॅनिश आणि स्वीडिशमध्येही तसंच. तिथली मुलं इंग्रजी शिकताना इथेच अडखळतात.

प्रश्न : शेजारणीकडून आणलेली वाटीभर साखर, वाण्याकडची उधारी, भावाकडून घेतलेले हातउसने पैसे आणि बँकेचं कर्ज. सगळ्यांना ‘बॉरो’ चालेल का? (वाचक, पुणे)

उत्तर : तुम्ही दिलेल्या चारांपैकी तिघांना चालेल, वाण्याच्या उधारीला चालणार नाही.

मराठीनं इथे जे बारकावे जपलेत ते इंग्रजीत एका शब्दात मिळत नाहीत. ‘उसनं’ म्हणजे तितकंच आणि त्याच जातीचं परत करायचं. साखर नेली तर साखरच आणून द्यायची, पैसे नव्हेत. ‘मागून आणणे’ म्हणजे तीच वस्तू परत करायची. मोठं पातेलं मागून आणलं तर तेच पातेलं घासूनपुसून परत जातं. ‘कर्ज’ म्हटलं की रक्कम, मुदत आणि बहुधा व्याज आलं. या तिन्हींना इंग्रजीत ‘बॉरो’ लागतं.

‘उधारी’ची गोष्ट वेगळी. वाण्याकडून आणलेली साखर तुमची झाली, ती परत करायची नाही. राहिलं ते फक्त पैसे देणं. हा खरेदीचा व्यवहार आहे, म्हणून इंग्रजीत ‘आय बॉट इट ऑन क्रेडिट’. ‘आय बॉरोड शुगर फ्रॉम द शॉप’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, तुम्ही दुकानदाराला साखर परत नेऊन देणार आहात.

भावाकडून घेतलेल्या पैशांना जमाखर्चात ‘हँड लोन’ लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. भारताबाहेरच्या माणसाशी बोलताना हा शब्द टाळा आणि ‘आय बॉरोड सम मनी फ्रॉम माय ब्रदर’ एवढंच म्हणा. ओघात एक व्यवहाराची गोष्ट : आयकर कायद्यानुसार काही अपवाद सोडता २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रकमेचं कर्ज रोखीनं स्वीकारता येत नाही, आणि दंडाची तरतूद घेणाऱ्यासाठी आहे. तो दंड कर्जाच्या रकमेइतका असू शकतो. हातउसनी रक्कम मोठी असेल तर रोख न घेता बँक खात्यामार्फतच घ्या.

जी वस्तू हलत नाही, तिथल्या तिथे वापरायची असते, तिलाही ‘बॉरो’ लावू नये. कुणाकडे गेल्यावर ‘कॅन आय बॉरो युअर बाथरूम’ विचित्र वाटतं. तिथे ‘यूज’ म्हणायचं.

मुदतीच्या वाक्यातही घसरायला होतं. ‘हे पुस्तक दोन महिन्यांपासून उसनं घेतलंय’ याचं ‘आय हॅव बॉरोड धिस बुक सिन्स टू मंथ्स’ होत नाही. घेण्याची क्रिया एका क्षणाची असते, दोन महिने चालतं ते जवळ असणं : ‘आय हॅव हॅड धिस बुक फॉर टू मंथ्स.’

प्रश्न : मुलगा सेमी-इंग्रजीत दुसरीला आहे. वजाबाकीत बाई ‘बॉरो’ म्हणतात, बेरजेत ‘कॅरी’. आम्ही घरी दोन्हीला ‘हातचा’ म्हणतो आणि तो गोंधळतो. (पालक, नाशिक)

उत्तर : मराठीत ‘हातचा’ दोन्हीकडे चालतो, इंग्रजीत नावं वेगळी आहेत. ३८ आणि २७ मिळवताना ८ आणि ७ पंधरा, ५ लिहून १ पुढच्या घरात नेला. हे नेणं म्हणजे कॅरी. वजाबाकीत शेजारच्या घरातून घ्यावं लागतं, ते बॉरो. इथेही दिशेचाच फरक आहे.

मात्र तुमच्या मुलाचा गोंधळ शब्दाचा नसून रीतीचा असण्याची शक्यता जास्त वाटते. ५२ वजा २७ घ्या. जुन्या रीतीत आपण म्हणतो : दोनातून सात जात नाहीत, हातचा एक घेतला, बारातून सात गेले पाच, खाली दोन आणि हातचा एक तीन, पाचातून तीन गेले दोन. उत्तर २५. इथे वरच्या ५ ला हात लावलेला नाही, खालच्या २ मध्ये एक मिळवला आहे. शाळेतली रीत अशी : वरच्या पाच दशकांतला एक दशक सुटा केला, राहिले चार; बारातून सात गेले पाच; चारातून दोन गेले दोन. उत्तर तेच.

दोन्ही रीती बिनचूक आहेत, पण मिसळल्या की घात होतो. मूल शाळेत शिकल्याप्रमाणे ५ खोडून ४ करतं आणि घरी शिकल्याप्रमाणे खालच्या २ चे ३ करतं. चारातून तीन गेला एक, उत्तर १५. वहीत अशी बरोबर दहानं कमी आलेली उत्तरं दिसली तर कारण हेच आहे असं समजा. तिसरीपर्यंत तरी घरी शाळेचीच रीत चालवा.

‘बॉरो’ हा शब्द खरा शोभतो तो जुन्या रीतीला. वर दहा उसने घेतले आणि खालच्या अंकात एक मिळवून फेडले. इंग्रजी शाळांतही या रीतीला ‘घ्या आणि फेडा’ अशा अर्थाचं नाव होतं. शाळेच्या रीतीत घेतलेला दशक कधीच परत जात नाही, म्हणून आता पुष्कळ पुस्तकांत ‘बॉरो’ऐवजी ‘रीग्रूपिंग’ हा शब्द येतो. तोही मुलाच्या कानावर घाला.

मध्ये शून्य असलेली उदाहरणं वेगळी करून घ्या. ४०२ वजा १५७ मध्ये दशकाच्या घरात काहीच नाही, म्हणून शतकाकडे जावं लागतं. चाराचे तीन, शून्याचे आधी दहा, त्यातला एक एककाला दिल्यावर नऊ, आणि एककात बारा. उत्तर २४५. शून्याचे दहा करून तिथेच थांबणारी मुलं २५५ लिहितात.

प्रश्न : घरासाठी कर्ज घेताना इंग्रजी कागदपत्रांत एके ठिकाणी मी ‘बॉरोअर’ आहे, दुसरीकडे ‘मॉर्गेजर’. बँक ‘लेंडर’ही आहे आणि ‘मॉर्गेजी’ही. यात चूक तर नाही? (वाचक, ठाणे)

उत्तर : चूक नाही. इथे दोन गोष्टी उलट्या दिशांनी जातात. पैसे बँकेकडून तुमच्याकडे आले, म्हणून पैशांच्या बाबतीत बँक लेंडर आणि तुम्ही बॉरोअर. घरावरचा हक्क तुमच्याकडून बँकेकडे गेला, म्हणून गहाणाच्या बाबतीत देणारे तुम्ही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात गहाण देणारा तो मॉर्गेजर, घेणारा तो मॉर्गेजी, अशीच व्याख्या आहे. बोलताना लोक ‘बँकेनं मॉर्गेज दिलं’ म्हणतात, त्यानं हा गोंधळ वाढतो. बँक कर्ज देते, गहाण तुम्ही देता.

अशा नावांसाठी मराठी दस्तांनी सुरेख सोय करून ठेवली आहे : ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’. इंग्रजी शब्दाच्या शेवटी ‘ओआर’ किंवा ‘ईआर’ असेल तर तो सहसा लिहून देणार, आणि शेवटी दोन ‘ई’ असतील तर लिहून घेणार. लेसर म्हणजे भाडेपट्टा देणारा, लेसी घेणारा. डोनर बक्षीस देणारा, डोनी घेणारा. धनादेशावर ‘पेयी’ म्हणजे ज्याला पैसे मिळायचे तो. सही करणारा खातेदार ‘ड्रॉअर’ आणि ज्या बँकेवर धनादेश काढला ती ‘ड्रॉई’. ही खूण सगळीकडे चालत नाही. लेंडर आणि बॉरोअर दोघांच्याही शेवटी ‘ईआर’च आहे, तिथे क्रियापदच ओळखावं लागतं. मराठीतले ‘धनको’ आणि ‘ऋणको’ इथे जास्त नेमके आहेत आणि ते वापरात राहावेत असं आम्हांला मनापासून वाटतं.

भाड्याच्या घराच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’ करारात ‘लायसन्सर’ म्हणजे घरमालक आणि ‘लायसन्सी’ म्हणजे राहायला येणारा. त्या कराराच्या नावातल्या ‘लीव्ह’चा सोडून जाण्याशी काही संबंध नाही, तिथे त्याचा अर्थ परवानगी असा आहे. करार ११ महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते.

कर्जाच्या कागदांवर घरच्या कुणाची सही होणार असेल तर ती ‘को-बॉरोअर’ म्हणून आहे की ‘गॅरंटर’ म्हणून, हे सही करण्याआधी वाचा. पहिला सहकर्जदार, म्हणजे कर्ज त्याचंही. दुसरा जामीनदार. ‘नुसती सही’ समजून जामीन राहणारे अडचणीत येतात, कारण भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मुख्य ऋणकोइतकीच असते. ‘बॉरो’ हा शब्द ज्या जुन्या इंग्रजी ‘बोर्ग’वरून आला त्याचा अर्थच मुळी तारण किंवा जामीन असा होता.

प्रश्न : बातम्यांत ‘लेंडिंग रेट’ वाढला म्हणतात तो माझ्यासाठी ‘बॉरोइंग रेट’ नव्हे का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : दर एकच, पण नाव बँकेच्या बाजूनं दिलेलं. बँक देते म्हणून तिचा तो लेंडिंग रेट, तुम्हांला तो कर्जाचा खर्च. रेपो दराचं गणितही असंच सोडवा : रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना अल्पमुदतीसाठी पैसे देते तो रेपो, ज्या दरानं त्यांच्याकडून घेते तो रिव्हर्स रेपो. कर्ता रिझर्व्ह बँक धरली की उलटसुलट होत नाही. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना बदलत्या व्याजदराची नवी गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडावी लागतात, म्हणून ती बातमी थेट तुमच्या हप्त्याची असू शकते.

प्रश्न : ‘लोन मी टेन डॉलर्स’ हे बरोबर आहे का? मुलीच्या अमेरिकेतल्या मैत्रिणी असं बोलतात. (वाचक, नागपूर)

उत्तर : अमेरिकेत पैसे आणि वस्तू यांच्या बाबतीत ‘लोन’ क्रियापद म्हणून सर्रास चालतं आणि त्याची दिशा देण्याचीच असते. ब्रिटिश वळणाच्या लिखाणात आणि आपल्या परीक्षांत ‘लेंड’ लिहिणं सुरक्षित. हातभार लावणं, कान देणं अशा लाक्षणिक अर्थांना मात्र दोन्हीकडे ‘लेंड’च लागतं. ‘लोन अ हँड’ कुठेच चालत नाही. आणि ‘आय लोन्ड अ कार फ्रॉम हिम’ तर अमेरिकेतही चूकच, कारण तिथे गाडी तुमच्याकडे आली आहे.

प्रश्न : वाचनालयातून ‘आय इश्यूड अ बुक’ म्हणावं की ‘बॉरोड’? (विद्यार्थी, रत्नागिरी)

उत्तर : तुम्ही पुस्तक घेतलं, म्हणून ‘आय बॉरोड अ बुक फ्रॉम द लायब्ररी’. इश्यू करणं हे ग्रंथपालाचं काम. ‘पुस्तक इश्यू केलं’ या मराठी वाक्यातही ‘करणे’नं दिशा पुसली आहे, तेच इंग्रजीत उतरतं. तुमच्यासारख्यांना ‘परीक्षा दिली’चं ‘गेव्ह द एक्झाम’ही करावंसं वाटतं. भारतात ते सगळ्यांना समजतं, पण बाहेरच्या विद्यापीठाला पत्र लिहिताना ‘टुक द एक्झाम’ लिहा. त्यांच्या लेखी परीक्षा देणारे शिक्षक, घेणारे तुम्ही.